तिसऱ्या गार्डला किती मिनिटं द्यायची?

"जो चांगला खेळतोय त्याला खेळवा, त्यात एवढं डोकं काय चालवायचं?" रत्नागिरीपासून सावंतवाडीपर्यंत कुठल्याही बास्केटबॉल कोर्टच्या कडेला हे वाक्य कानावर येतंच. बोलणाऱ्याचा मुलगा बाकावर बसलेला असेल तर जरा वरच्या पट्टीत येतं. वाक्यात चूक काही नाही. अडचण एवढीच, की कोण चांगला खेळतो हे खेळवल्याशिवाय कळत नाही आणि खेळवायला मिनिटं मोजकीच असतात.

फिबा म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघ. त्याच्या नियमांनुसार सामना दहा-दहा मिनिटांच्या चार क्वार्टरचा, म्हणजे ४० मिनिटांचा. मैदानात पाच जण, त्यातले साधारण दोन गार्ड. चेंडू वर आणायचा, खेळ रचायचा ही त्यांची कामं. बदली खेळाडू कितीही वेळा उतरवता येतो, त्यामुळे नियम कोचच्या आड येत नाहीत. आड येते ती अपुरी माहिती.

समजा, १७ वर्षांखालच्या एका संघात पॉइंट गार्डच्या, म्हणजे खेळ रचणाऱ्या मुख्य गार्डच्या जागेसाठी तिघं आहेत. जर्सी नंबर ४, ७ आणि ११. चेंडू ताब्यात आल्यापासून जाईपर्यंतची एक खेप धरू, आणि त्या खेपेत संघाला गुण मिळाले तर ती यशस्वी म्हणू. नंबर ४ ने ६० खेपा चालवल्या, त्यातल्या २७ यशस्वी: ४५ टक्के. नंबर ७ च्या २० पैकी ८: ४० टक्के. नंबर ११ ला जेमतेम सहा खेपा मिळाल्या, दोन फळल्या: ३३ टक्के. पालकांच्या हिशेबाने निकाल लागला. ४ खेळेल, ११ टाळ्या वाजवेल.

पण सहा खेपांतून निघालेल्या टक्केवारीला किती किंमत द्यायची? एखादा बास्केट रिंगवर फिरून आत पडला असता तर तीच ५० टक्के झाली असती. नुसती सरासरी बघून निवड केली तर ज्याची सुरुवात वाईट झाली त्याला पुन्हा संधीच मिळत नाही, आणि संधी नाही म्हणून त्याचा आकडा कधी सुधारतही नाही. दर्यावर जाणाऱ्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही. एका जागी दोनदा जाळं रिकामं आलं म्हणून ती जागा कायमची कुणी सोडत नाही, पण रोज तिथंच जाऊन डिझेलही जाळत नाही.

या पेचावरचा माझा सगळ्यात आवडता तोडगा १९३३ सालचा आहे. येल विद्यापीठातल्या विल्यम थॉम्पसन यांना प्रश्न पडला होता तो रुग्णांचा. दोन उपचारांपैकी कुठला चांगला हे अजून पक्कं ठरलेलं नसताना पुढच्या रुग्णाला कुठला द्यावा? त्यांचं उत्तर असं: जो उपचार सरस असण्याची शक्यता जितकी, तितक्या प्रमाणात तो द्यावा. पुढं कित्येक दशकं या कल्पनेकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. इंटरनेटवर कुणाला कुठली जाहिरात दाखवायची हा प्रश्न आला, तेव्हा ती पुन्हा वर आली.

ही शक्यता काढायला संगणक लागतोच असं नाही. गणपतीत रात्री जागवणारा हाऊजीचा डबा पुरतो. त्यात १ ते ९० आकडे असतात. नंबर ११ च्या खेपा सहा, त्यात एक मिळवा: सात. सात वेळा आकडा काढा, लिहा आणि दर वेळी परत डब्यात टाका. ते सात आकडे चढत्या क्रमाने मांडा. त्याच्या यशस्वी खेपा दोन, त्यात एक मिळवा: तीन. मग ओळीतला तिसरा आकडा उचला. या फेरीपुरती ती ११ ची कुवत. ७ साठी २१ वेळा काढून नववा आकडा, ४ साठी ६१ वेळा काढून अठ्ठाविसावा. तिघांत ज्याचा आकडा मोठा, तो पुढची पाच मिनिटं मैदानात.

हे का चालतं? खेळाडूची खरी कुवत हा १ ते ९० मधला एक दडलेला आकडा समजा. प्रत्येक खेप म्हणजे नशिबाने काढलेला आणखी एक आकडा. तो कुवतीपेक्षा लहान निघाला तर खेप यशस्वी, मोठा निघाला तर फुकट. नंबर ११ च्या दोन खेपा यशस्वी, म्हणजे दोन आकडे कुवतीच्या खाली आणि चार वर. मग सात आकड्यांच्या ओळीत कुवत तिसऱ्या जागीच असणार! आधी कुवतीबद्दल काहीच माहीत नव्हतं एवढंच इथं गृहीत धरलंय. थॉमस बेझ यांचा निबंध त्यांच्या मृत्यूनंतर १७६३ मध्ये छापला गेला. त्यात टेबलावर टाकलेल्या चेंडूंचा दाखला देऊन हाच युक्तिवाद केलेला आहे. डबा पुन्हा पुन्हा हलवून कुठला आकडा किती वेळा येतो ते मांडलं की एक वक्र तयार होतो. गणितात त्याला बीटा वितरण म्हणतात. निरीक्षणं वाढत जातात तसा तो अरुंद होत जातो.

डबा हलवून बघा. नंबर ४ चा आकडा बहुतेक वेळा ३० ते ५२ च्या आत राहतो. ११ चा ९ पासून ६४ पर्यंत कुठंही भटकतो. त्यामुळे सरासरी कमी असूनही साधारण तीनातून एकदा ११ हा ४ च्या पुढं जातो. त्याला मिनिटं मिळतात ती कुणाला दया आली म्हणून नव्हे, आपल्याला त्याच्याबद्दल फारसं माहीत नाही म्हणून. पुढच्या ३० खेपांत ९ च यशस्वी झाल्या तर त्याचा वक्र आवळला जातो आणि तो ४ ला शंभरात दहापेक्षा कमी वेळा मागं टाकतो. कुणी कुणाला बाकावर बसवलं नाही, तरी मिनिटं आपोआप आटली.

जर्सीचा आकडा बदलला की नशीब फिरतं, असं सांगणारे अंकशास्त्रीही आपल्याकडे आहेत. फिबाच्या स्पर्धांत वर्षानुवर्षं फक्त ४ ते १५ हेच आकडे चालायचे, आणि तेवढ्यातच सगळे जिंकले आणि हरले. एआयने गुणवत्ता हेरतो म्हणणारी ॲपं त्यांची धाकटी भावंडं. सहा खेपांतून सहा खेपांइतकंच कळतं, मग त्या कुणीही चाळो.

मोठ्या संघांनाही हे जमतंच असं नाही. बॅरी स्टॉ आणि हा होआंग यांनी १९९५ मध्ये एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधल्या खेळाडूंचा अभ्यास छापला. कामगिरी सारखी असली तरी ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू पाळीपाळीने निवडतात त्यात, वरच्या क्रमांकावर निवडलेल्यांना जास्त मिनिटं मिळत होती, कारण त्यांच्यावर आधीच मोठी किंमत मोजलेली होती. उलट जेरेमी लिन या गार्डला ड्राफ्टमध्ये कुणी घेतलंच नव्हतं आणि दोन संघांनी सोडलंही होतं. ४ फेब्रुवारी २०१२ ला न्यूयॉर्क निक्स या संघाने त्याला बाकावरून उतरवलं आणि त्याने २५ गुण केले.

आता आपल्या किनाऱ्याकडे. जूनमध्ये उघड्या सिमेंट कोर्टवर शेवाळ धरतं आणि पुढचे तीन-चार महिने पाय ठरत नाही. म्हणजे हंगाम आखूड. थॉम्पसनची रीत पुढं किती सामने उरलेत हे विचारत नाही, कोचने मात्र विचारायला हवं. ऑक्टोबरात ११ ला तपासून जे कळतं त्याचा उपयोग मेपर्यंत होतो. शेवटच्या सामन्यात तेच कळून काय करायचं? तेव्हा सरळ ४ ला खेळवावं.

मेच्या दमटपणात मात्र तपासणी जवळपास फुकटात होते. एक ग्रॅम घाम वाळताना अंगातून सुमारे २,४०० ज्यूल उष्णता नेतो, नुसता टपकला तर जवळजवळ काहीच नेत नाही. हवेत आधीच वाफ भरलेली, त्यामुळे आपल्याकडे तो टपकतोच. नंबर ४ ला दर काही मिनिटांनी बसवावंच लागतं, आणि ती मिनिटं ११ ची.

फक्त ती मिनिटं खरी हवीत. संघ २५ गुणांनी मागं पडल्यावर, समोरच्यांनीही आपले बदली उतरवल्यावर चालवलेल्या खेपा वहीत वेगळ्या लिहाव्या. शिवाय हाऊजीचे आकडे काढून बदलत नाहीत, पोरं खेळून बदलतात. सहा महिन्यांपूर्वीचा ११ आणि आजचा ११ एक नव्हेत. म्हणून जुन्या खेपा अर्ध्याच धराव्या. हे ४ लाही लागू. त्याच्या पहिल्या ३० खेपांतल्या १४ आणि नंतरच्या ३० मधल्या १३ यशस्वी असतील, तर हिशेबात ४५ खेपा आणि २० यश येतं. मग ६१ ऐवजी ४६ वेळाच डबा हलवायचा आणि एकविसावा आकडा घ्यायचा. त्याचाही वक्र थोडा रुंदावतो, म्हणजे मिनिटं त्यालाही पुन्हा कमवावी लागतात.