रिकी कारमायकल

कारमायकल, रिकी : (२७ नोव्हेंबर १९७९ – ). अमेरिकन मोटोक्रॉस (मातीच्या खडबडीत ट्रॅकवरील मोटरसायकल शर्यत) रायडर. जन्म फ्लॉरिडातील क्लिअरवॉटर येथे. वाढला त्याच राज्याच्या उत्तर टोकाच्या हॅवाना या छोट्या गावात. १९९७ ते २००६ अशी सलग दहा वर्षे तो ज्या गटात उतरला, त्या गटाचे अमेरिकेचे आउटडोअर विजेतेपद त्याच्याकडेच राहिले : १२५ सीसी गटात तीन आणि २५० सीसी गटात सात. सुपरक्रॉसच्या मुख्य गटातील पाच विजेतेपदे यांत धरलेली नाहीत. आउटडोअरमध्ये १०२ आणि सुपरक्रॉसच्या मुख्य गटात ४८ असे त्याचे एकूण दीडशे विजय आहेत.

आउटडोअर आणि सुपरक्रॉस हे दोन प्रकार वेगळे समजून घेतले नाहीत, तर हे आकडे नीट कळत नाहीत. आउटडोअर शर्यत डोंगरउतारावरच्या मातीत होते. एका दिवसात दोन ‘मोटो’ होतात. प्रत्येक मोटो तीस मिनिटे आणि वर दोन लॅप. मोटो जिंकणाऱ्याला २५ गुण, दुसऱ्याला २२, तिसऱ्याला २०. दोन्ही मोटोंचे गुण मिळून त्या दिवसाच्या फेरीचा विजेता ठरतो. दुपारच्या दुसऱ्या मोटोपर्यंत वळणांत गुडघाभर चर पडलेले असतात, ब्रेक मारण्याच्या जागी खड्ड्यांची रांग तयार झालेली असते आणि अंगातले पाणी संपत आलेले असते. सुपरक्रॉस स्टेडियममध्ये माती आणून बांधलेल्या ट्रॅकवर रात्री होते. कारमायकलच्या काळात तिची अंतिम शर्यत वीस लॅपची असे. तिथे उड्यांचे टायमिंग मोलाचे, तर आउटडोअरमध्ये दम. मराठी प्रेक्षकांनी सुपरक्रॉसचा असा बांधीव ट्रॅक जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात बालेवाडीला पाहिला आहे.

कारमायकल उंचीने बेताचा, जेमतेम पाच फूट सहा इंच. हौशी गटात तो कावासाकीच्या ‘टीम ग्रीन’कडून खेळला आणि व्यावसायिक झाल्यावरही सुरुवातीला कावासाकीच चालवली. १९९७ मध्ये पहिल्याच पूर्ण मोसमात त्याने १२५चे विजेतेपद घेतले, १९९८ आणि १९९९ मध्ये ते राखले. १९९८ च्या १२५ सुपरक्रॉसच्या पूर्व विभागात तर आठच्या आठ शर्यती त्याच्याच होत्या. १२५ टू-स्ट्रोकला ताकद फक्त वरच्या आरपीएमला असते. वळणात एंजिन खाली बसले की ते पुन्हा उचलायला क्लचवर सतत बोट ठेवावे लागते. कारमायकलची गाडी कायम किंचाळत असायची. गुडघे बाहेर, कोपर वर, क्लचवर बेफाम खेळ : दिसायला ही शैली ओबडधोबड होती, पण मागचे चाक कधी रेंगाळत नसे.

२५० सुपरक्रॉसने मात्र त्याला आधी जमिनीवर आणले. १९९९ मध्ये तो वारंवार पडला. वेग होता, पण वीस लॅप चुका न करता काढण्याइतका दम नव्हता आणि वजनही जास्त होते. दमलेल्या रायडरचे कोपराखालचे हात भरून येतात, पकड सुटते आणि व्हूप्सच्या (एकापाठोपाठ एक छोट्या उंचवट्यांच्या) रांगेत पुढचे चाक आडवे जाते. मोटोक्रॉसमधली बरीच पडझड अशीच होते. २००० मध्ये डेटोनाला त्याने या गटातला पहिला विजय मिळवला आणि त्याच वर्षी २५०चे पहिले आउटडोअर विजेतेपदही. त्यानंतर दक्षिण आफ्रिकेचा माजी सायकलपटू ऑल्डन बेकर त्याचा ट्रेनर झाला. हृदयाचे ठोके मोजत केलेले लांब सायकलिंग, धावणे, तोलून-मापून खाणे हे सगळे मोटोक्रॉसमध्ये इतक्या शिस्तीने तोवर कुणी केले नव्हते. २००१ मध्ये त्याने सुपरक्रॉसच्या सोळापैकी चौदा शर्यती जिंकल्या, त्यातल्या तेरा सलग. सात वेळचा विजेता जेरेमी मॅग्राथ याची सद्दी तिथे संपली. या खेळात आज प्रत्येक संघाकडे फिटनेसचा जो आराखडा असतो, त्याचे मूळ याच जोडीत आहे.

२००२ साठी तो होंडाकडे गेला. पोलादी फ्रेमच्या केएक्स२५० वरून अ‍ॅल्युमिनियम फ्रेमच्या सीआर२५०आर वर येणे म्हणजे नुसता रंगबदल नव्हे. अ‍ॅल्युमिनियमची चौकट कडक, त्यामुळे खड्ड्याचा धक्का थेट मनगटात येतो आणि फोर्क-शॉकचे (पुढच्या-मागच्या सस्पेन्शनचे) सेटिंग मुळापासून करावे लागते. ॲनाहाइमच्या सलामीच्या सुपरक्रॉसमध्ये तो जोरात आपटला आणि गुणांच्या दृष्टीने ती रात्र वाया गेली. त्यातून सावरून त्याने ते विजेतेपद खेचून आणले.

मग आला आउटडोअर मोसम : बारा फेऱ्या, चोवीस मोटो आणि चोवीसही त्याचे. असे आधी कुणीच केले नव्हते. चोवीस मोटो म्हणजे सुमारे चौदा तासांची शर्यत. एवढ्या वेळात स्टार्टच्या गर्दीत कुणाचा तरी फूटपेग (पाय ठेवायची दांडी) स्पोकमध्ये शिरू शकतो, दगड चेन आणि स्प्रॉकेटच्या मधे अडकू शकतो, ट्यूब पंक्चर होऊ शकते, जळलेला क्लच घसरू शकतो, गॉगलवरचे शेवटचे टेअर-ऑफ (चिखल बसला की ओढून काढायचा पारदर्शक पापुद्रा) संपून डोळे चिखलाने भरू शकतात. यांतले काहीही एकदा घडले, की चोवीसचे तेवीस होतात. त्या आकड्यावर रायडरइतकाच त्याच्या मेकॅनिकचाही हक्क आहे. चाळीस गाड्यांच्या रांगेत स्टार्ट बिघडल्यावरही पहिल्या दोन-तीन लॅपमध्ये गर्दी कापत पुढे येणे ही कारमायकलची खरी ताकद होती. बाकीचे लय शोधत असताना तो पूर्ण वेगात असायचा.

२००३ च्या सुपरक्रॉसमध्ये ऑस्ट्रेलियाच्या चॅड रीडने अखेरच्या सहा फेऱ्या जिंकूनही कारमायकलने विजेतेपद राखले. २००४ च्या मोसमाआधी त्याच्या गुडघ्याचा एसीएल अस्थिबंध तुटला. या खेळातली ही नेहमीची दुखापत : वळणात आतला पाय पुढे टाकलेला असतो, बूट चरात रुततो, गाडी पुढे जाते आणि गुडघा पिळला जातो. ब्रेस लावूनही ती पूर्ण टळत नाही. सुपरक्रॉसचा सगळा मोसम बुडाला. आउटडोअरला तो परतला तो सीआरएफ४५०आर या फोर-स्ट्रोकवर; २५० सीसी गटात २५० टू-स्ट्रोकबरोबर ४५० फोर-स्ट्रोकही चालत.

हा बदल मोठा होता. टू-स्ट्रोकचा थ्रॉटल सोडला की गाडी मोकळी पळत राहते. ४५० फोर-स्ट्रोकला एंजिन-ब्रेकिंग जबर, त्यामुळे वळणाआधीच्या खड्ड्यांत मागचे चाक उड्या मारते. ते कमी करायला आयडलिंग थोडे वर ठेवतात आणि मागच्या शॉकचे रिबाउंड (दबल्यावर परत उसळण्याचा वेग) त्याला जुळवून घेतात. गिअर एक वरचा टाकून एंजिनच्या ओढीवर वळण काढावे लागते, क्लचची किंचाळी तिथे कामाची नाही. शिवाय तेव्हाच्या कार्ब्युरेटरवाल्या ४५० ला सेल्फ-स्टार्ट नव्हता. पडल्यावर गरम एंजिन पेट्रोलने भरून यायचे. हॉट-स्टार्टचा (गरम एंजिनला जादा हवा देणारा) लिव्हर ओढून, थ्रॉटलला हात न लावता किक मारावी लागे. टू-स्ट्रोकवर एका किकेत सुटणारी चूक इथे अर्धा मिनिट खायची. अशा गाडीवर, नुकत्या बऱ्या झालेल्या गुडघ्याने, त्याने पुन्हा चोवीसपैकी चोवीस मोटो जिंकले. २००२ पेक्षा हा पराक्रम अवघड होता. पुढे जेम्स स्ट्युअर्टने २००८ मध्ये आणि जेट लॉरेन्सने २०२३ मध्ये ४५० गटात (पूर्वीच्या २५० गटाचे नंतरचे नाव) असा निर्दोष, म्हणजे सगळे मोटो जिंकलेला, मोसम काढला. दोन वेळा काढणारा मात्र कारमायकलच.

२००५ ला सुझुकी. रीड आणि स्ट्युअर्ट यांच्यासमोर आरएम२५० वर सुपरक्रॉस जिंकून त्याने आउटडोअरच्या बाराही फेऱ्या आपल्या नावे केल्या. चोवीसपैकी दोन मोटो तेवढे हातून गेले. २००६ च्या सुपरक्रॉसचा निकाल लास वेगसच्या अखेरच्या रात्रीपर्यंत लांबला. स्ट्युअर्टने ती शर्यत जिंकली, पण कारमायकल दुसरा आला आणि मोसमाचे विजेतेपद त्याला तेवढ्यावर मिळाले. त्याच वर्षीचे आउटडोअर विजेतेपद दहावे आणि शेवटचे. मोटोक्रॉस ऑफ नेशन्स ही देशांच्या संघांची स्पर्धा जिंकणाऱ्या अमेरिकन संघात तो २०००, २००५ आणि २००७ मध्ये होता. २००७ मध्ये निवडक शर्यती खेळून, मेरिलंडमधील बड्स क्रीकला रायन विलोपोटो आणि टिम फेरी यांच्या जोडीने हा विजय मिळवल्यावर तो निवृत्त झाला. तेव्हा त्याने अजून अठ्ठाविसावे वर्षही पूर्ण केले नव्हते.

पुढे २००९ ते २०११ या काळात नॅस्कार या अमेरिकन कार-शर्यतींच्या संस्थेच्या ट्रक मालिकेत तो उतरला. तिथे विजय मिळाला नाही. फ्रीस्टाइल रायडर कॅरी हार्टबरोबर त्याने चालवलेल्या आरसीएच संघाकडून केन रॉक्झनने २०१६ चे ४५० आउटडोअर विजेतेपद घेतले. २०१७ च्या मोसमानंतर तो संघ बंद झाला. ट्रायम्फच्या मोटोक्रॉस गाड्यांच्या विकासातही त्याचा हात आहे. डेटोनाच्या सुपरक्रॉस ट्रॅकचा आराखडा २००८ पासून तोच करतो. कार-शर्यतींच्या स्पीडवेच्या आतल्या हिरवळीवर दरवर्षी माती ओतून तो बांधतात. माती वाळूमिश्रित असल्याने चर खोल पडतात आणि सुपरक्रॉस असूनही आउटडोअरसारखी दमछाक होते. मुख्य शर्यत आटोपली की त्याच ट्रॅकवर हौशी रायडर आणि लहान मुलांच्या शर्यती त्याच्या नावाने भरतात.