विक्त्रिक्स : जिंकणाऱ्या स्त्रीसाठी एक प्राचीन शब्द

लॅटिन भाषेत ‘जिंकणे’ या अर्थाच्या ‘विन्केरे’ या क्रियापदापासून जिंकणाऱ्या पुरुषासाठी ‘विक्तोर’ आणि जिंकणाऱ्या स्त्रीसाठी ‘विक्त्रिक्स’ असे शब्द बनतात. अनेक स्त्रिया असतील तर ‘विक्त्रिकेस’. यातील कर्तृवाचक प्रत्यय मराठी वाचकाला परके नाहीत, कारण संस्कृतातील ‘तृ’ आणि ‘त्री’ हे प्रत्यय त्याच प्राचीन मुळातून आलेले आहेत. जेता–जेत्री, कर्ता–कर्त्री या जोड्या आणि आपल्या रोजच्या वापरातील ‘अभिनेत्री’, ‘कवयित्री’ हे शब्द याच घडणीचे आहेत. लॅटिनने या ‘त्री’पुढे ‘क’ जोडला, त्याला प्रथमा एकवचनाचा ‘स’ लागला आणि ‘त्रिक्स’ तयार झाले. ‘जि’ आणि ‘विन्केरे’ हे धातू मात्र एका मुळाचे नाहीत. साम्य केवळ प्रत्ययाचे आहे. धातू आणि प्रत्यय दोन्ही जुळतात ते संस्कृत ‘जनित्री’ आणि लॅटिन ‘गेनेत्रिक्स’ या जोडीत, आणि दोन्हींचा अर्थ जन्मदात्री असाच आहे.

रोमच्या इतिहासात विक्त्रिक्स आणि गेनेत्रिक्स ही एकाच देवीची, म्हणजे प्रेमाची देवता वीनस हिची, दोन विशेषणे मोठ्या राजकीय अर्थाने वावरली. पाँपी या सेनापतीने इ. स. पूर्व 55 मध्ये रोममध्ये दगडी नाट्यगृह उभारले आणि प्रेक्षकांच्या आसनांच्या माथ्यावर वीनस विक्त्रिक्सचे, म्हणजे विजयी वीनसचे, मंदिर बांधले. पुढे इ. स. पूर्व 48 मध्ये फार्सालस येथे त्याची प्रतिस्पर्धी सेनापती सीझरशी निर्णायक लढाई झाली. तिच्या आदल्या रात्री आपण याच मंदिराला युद्धातील लुटीने सजवत आहोत असे स्वप्न पाँपीला पडल्याचे ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो. हे स्वप्न शुभ वाटावे असेच होते. परंतु सीझरचे घराणे स्वतःला वीनसचे वंशज म्हणवीत असे, त्यामुळे आपल्या हातून सजणारी देवी विजय त्यालाच तर देणार नाही ना, या शंकेने तो अस्वस्थ झाला. ॲपियन या इतिहासकाराच्या सांगण्यानुसार त्या दिवशी सीझरच्या सैन्याचा परवलीचा शब्दही ‘वीनस विक्त्रिक्स’ हाच होता. पाँपी हरला. सीझरने इ. स. पूर्व 46 मध्ये वीनसचे मंदिर अर्पण केले ते मात्र ‘गेनेत्रिक्स’ या नावाने, आपल्या कुळाची जननी म्हणून.

नामाबरोबरच हा शब्द विशेषण म्हणूनही वापरला जाई, आणि तेथे त्याचे लिंग व्याकरण ठरवीत असे. सैन्यतुकडीसाठी असलेला ‘लेगिओ’ हा शब्द स्त्रीलिंगी असल्यामुळे ब्रिटनमध्ये दीर्घकाळ राहिलेली सहावी तुकडी ‘विक्त्रिक्स’ म्हणवली गेली. रोमन कवी व्हर्जिलने तर आपल्या महाकाव्यात नपुंसकलिंगी शस्त्रांनाही ‘विक्त्रिकिया’ हे याच शब्दाचे रूप दिले. सीझर–पाँपी युद्धावर महाकाव्य लिहिणाऱ्या रोमन कवी ल्युकनच्या प्रसिद्ध ओळीत विजयी ठरतो तो पक्ष: ‘विक्त्रिक्स कौसा देइस प्लाकुइत, सेद विक्ता कातोनी’. जिंकलेला पक्ष देवांना आवडला, पण हरलेला केटोला, म्हणजे सीझरच्या विरोधात उभ्या राहिलेल्या रोमन नेत्याला, असा तिचा अर्थ. ‘विक्त्रिक्स’ आणि ‘विक्ता’, जेत्री आणि पराजिता, यांना समोरासमोर ठेवल्यानेच त्या ओळीला धार आली आहे.

देवी, सेना, शस्त्रे, पक्ष. या शब्दाची मला सर्वांत ठसठशीत वाटणारी ही उदाहरणे आहेत, आणि त्यांत हाडामांसाची स्त्री नाही. म्हणूनच याच भाषाकुळातील ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील 159 वे सूक्त मला विशेष मोलाचे वाटते. परंपरेने शची पौलोमीच्या नावावर असलेल्या या सूक्तात स्त्री स्वतःच्या तोंडाने ‘उताहमस्मि संजया’, म्हणजे ‘आणि मी विजयिनी आहे’, असे म्हणते. पुढे ती स्वतःला ‘जयन्ती’ आणि ‘अभिभूवरी’ म्हणवते. पहिले रूप ‘जि’ धातूच्या वर्तमानकाळवाचक धातुसाधिताचे स्त्रीलिंग आहे, तर दुसऱ्यात ‘वन्’ प्रत्ययाचे स्त्रीलिंगी रूप ‘वरी’ दिसते. येथे ‘त्री’ प्रत्यय नाही; जिंकणारी स्त्री सांगण्यासाठी संस्कृतापाशी एकाहून अधिक वाटा होत्या. तिने जिंकले आहे ते सवतींना, हे वाचताना आज खटकते, आणि ते खटकलेच पाहिजे. तरीही आपल्या मुलांना शत्रुहंते म्हणणारी ही आई मुलीला ‘विराट्’, म्हणजे सर्वत्र सत्ता गाजवणारी, म्हणते आणि स्वतःला ध्वज व मस्तक म्हणवते: ‘अहं केतुरहं मूर्धा’.