वास्तुयोग : जन्मकुंडलीवरून घर-जमिनीच्या खरेदीचा विचार

वास्तुयोग (भूमियोग, गृहयोग) : एखाद्या व्यक्तीला स्वतःचे घर, जमीन किंवा गाळा मिळेल का, मिळाल्यास कधी आणि कोणत्या वाटेने, हे जन्मकुंडलीवरून पाहण्याची फलज्योतिषातील पद्धत. हे तीन प्रश्न वेगळे आहेत आणि त्यांची उत्तरेही वेगवेगळ्या ठिकाणी शोधावी लागतात. योग आहे की नाही हे जन्मकुंडलीतील भाव-भावेशांवरून (बारा स्थाने आणि त्यांचे स्वामी ग्रह) कळते, काळ दशेवरून (ग्रहांच्या ठरावीक वर्षांच्या पाळीवरून) आणि वाट भावांच्या परस्परसंबंधांवरून. फसलेल्या भाकितांपैकी बहुतेकांत एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाला चिकटवलेले आढळते. ‘मंगळ उच्चीचा (सर्वाधिक बळाच्या राशीत) आहे, यंदा घर होईल’ या एका वाक्यात योग आणि काळ यांची गल्लत झालेली असते.

चतुर्थ स्थान : लग्नापासूनचे (जन्मवेळी पूर्वेला उगवणाऱ्या राशीपासूनचे) चौथे स्थान म्हणजे सुखस्थान. माता, मन:शांती, वाहन, शेत, विहीर आणि राहते घर हे सारे याच स्थानावरून पाहतात. चतुर्थेश, म्हणजे चौथ्या स्थानातील राशीचा स्वामी, लग्नानुसार बदलतो. मेष लग्नाला चंद्र, वृषभेला रवी, मिथुनेला बुध, कर्केला शुक्र, सिंहेला मंगळ, कन्येला गुरू, तूळ व वृश्चिक या दोन्ही लग्नांना शनी, धनूला गुरू, मकरेला मंगळ, कुंभेला शुक्र आणि मीनेला बुध. हा चतुर्थेश केंद्रात (१, ४, ७, १०) किंवा त्रिकोणात (५, ९) बलवान असावा आणि त्याचा धनेश (२), लाभेश (११) किंवा लग्नेशाशी (१) युतीने, दृष्टीने वा अन्योन्य योगाने (एकमेकांच्या राशीत बसून) संबंध असावा, हा वास्तुयोगाचा गाभा. तो ६, ८, १२ या स्थानांत गेला म्हणजे घर नाहीच, असा अर्थ मात्र होत नाही. षष्ठात गेल्यास कर्जाने, अष्टमात गेल्यास वारसाने आणि व्ययात गेल्यास जन्मगावापासून दूर, असे फलित परंपरेने सांगितले जाते. नोकरीसाठी गाव सोडून पुण्या-मुंबईत, आखातात किंवा अमेरिकेत स्थिरावलेल्यांच्या पत्रिका पाहताना या शेवटच्या सूत्राचा आधार वारंवार घेतला जातो.

कारक ग्रह : जमिनीचा कारक, म्हणजे त्या विषयाचा सूचक ग्रह, मंगळ. भौम आणि भूमिपुत्र ही त्याची नावेच तसे सांगतात. त्याशिवाय घरातील सुखसोयी व सजावटीसाठी शुक्र, जुन्या वास्तू आणि शेतजमिनीसाठी शनी, तर दस्तऐवज व करारासाठी बुध पाहतात. चंद्र आणि शुक्र यांना चतुर्थात दिग्बल (विशिष्ट स्थानामुळे येणारे बळ) मिळते. मंगळाचे दिग्बल दशमात, म्हणजे बरोबर समोरच्या स्थानात असते. तिथून सातव्या दृष्टीने तो चतुर्थाकडे पाहतो. मंगळाला ४, ७, ८ या दृष्टी (स्वतःपासून मोजलेल्या त्या स्थानांवर) असल्यामुळे लग्नातील मंगळही चौथ्या दृष्टीने चतुर्थ पाहतो आणि नवमातील मंगळ आठव्या दृष्टीने.

चतुर्थातील मंगळाबद्दल मराठी घरांत एक गोंधळ कायमचा आहे. विवाह जुळवताना १, ४, ७, ८, १२ या स्थानांतला मंगळ दोषाचा धरतात, त्यामुळे चतुर्थातला मंगळ म्हटला की घरचे धास्तावतात. वास्तुविचारात तोच मंगळ जमिनीची ओढ आणि जमीन मिळवण्याची धमक दाखवतो. मकर लग्नाला तो चतुर्थात स्वराशीचा, म्हणजे मेषेचा असतो, तर तूळ लग्नाला उच्चीचा, म्हणजे मकरेचा. दोन्ही वेळा पंचमहापुरुष योगांपैकी (मंगळ, बुध, गुरू, शुक्र वा शनी स्वराशीत किंवा उच्च राशीत केंद्रात असता होणाऱ्या पाच योगांपैकी) रुचक योग होतो. शनीचेही तसेच. ‘चतुर्थात शनी, घर उशिरा’ हे सरसकट सांगणे चूक आहे, कारण तूळ लग्नाला तोच शनी चतुर्थेश होऊन स्वराशीत बसतो आणि त्याच पाचांपैकी शश योग करतो. ग्रह कोणत्या लग्नाला कोणत्या स्थानांचा स्वामी आहे हे न पाहता नुसत्या नावावरून फळ सांगणे, ही या विषयातील सर्वांत मोठी चूक आहे.

वाट कोणती : घर कसे मिळणार हे चतुर्थाच्या जोडीला येणाऱ्या स्थानावरून ठरवतात. द्वितीय म्हणजे साठवलेला पैसा. षष्ठ म्हणजे कर्ज, आणि आज गृहकर्जाशिवाय घर घेणारे थोडेच असल्याने षष्ठाकडे केवळ अशुभ म्हणून पाहणे व्यवहाराला धरून नाही. अष्टम वारसाचे व नवम पित्याकडून येणाऱ्या भाग्याचे. एकादश म्हणजे लाभ, इच्छापूर्ती. व्ययस्थान येथे महत्त्वाचे ठरते, कारण खरेदीत पैसा हातचा जातोच. लाभ-व्यय दोन्ही जागे असतील तरच व्यवहार पुरा होतो. तृतीय स्थान चतुर्थाचे व्ययस्थान आहे, म्हणून घर विकणे किंवा सोडणे त्यावरून पाहतात. चतुर्थाचा संबंध षष्ठाशी असून त्यात राहू वा मंगळ पीडित असेल, तर भाऊबंदकी, हद्दीचा वाद किंवा कोर्टकचेरीची शक्यता सांगतात.

चतुर्थांश : घर-जमिनीसाठीची स्वतंत्र वर्गकुंडली. प्रत्येक राशीचे ७ अंश ३० कलांचे चार भाग करतात. पहिला भाग त्याच राशीचा, दुसरा तिच्यापासून चौथ्या, तिसरा सातव्या आणि चौथा दहाव्या राशीचा. समजा सिंह लग्न असून मंगळ मकरेत १७ अंशांवर आहे. मंगळ येथे चतुर्थेश व नवमेश म्हणून योगकारक (केंद्र व त्रिकोण दोन्हींचा स्वामी), मकरेत उच्चीचा, पण षष्ठस्थानी. १७ अंश तिसऱ्या भागात (१५° ते २२°३०′) पडतात. मकरेपासून सातवी रास कर्क, म्हणजे चतुर्थांशात मंगळ नीचीचा (सर्वांत दुर्बळ राशीत) झाला. अशा वेळी घर कर्ज काढून होते, पण त्याचे सौख्य कमी लाभते, असे वाचन केले जाते. तोच मंगळ मकरेत ५ अंशांवर असता तर चतुर्थांशातही मकरेतच, उच्चीचा राहिला असता. १२ अंशांच्या फरकाने निष्कर्ष उलटतो, म्हणून केवळ राशिकुंडलीवर थांबू नये.

येथे जन्मवेळेचा प्रश्न उभा राहतो. एक लग्न सुमारे २ तास टिकते, त्यामुळे चतुर्थांशाचे लग्न साधारण अर्ध्या तासाने बदलते. ‘सकाळी दहाच्या सुमारास’ असे सांगितलेल्या वेळेवर चतुर्थांशाचे स्थानबळ तपासण्यात अर्थ नाही. तेथे फक्त ग्रह कोणत्या राशीत गेला एवढेच घ्यावे.

अष्टकवर्गाचा (राशींना बिंदू देऊन बळ मोजण्याच्या रीतीचा) उपयोग पडताळ्यासाठी होतो. सर्वाष्टकवर्गात एकूण ३३७ बिंदू १२ राशींत वाटलेले असतात, म्हणजे सरासरी २८. चतुर्थात २८ हून अधिक बिंदू असणे चांगले मानतात.

काळ : विंशोत्तरी दशा १२० वर्षांची. केतू ७, शुक्र २०, रवी ६, चंद्र १०, मंगळ ७, राहू १८, गुरू १६, शनी १९, बुध १७. अंतर्दशा (महादशेतील पोटकाळ) काढायची सोपी रीत म्हणजे दोन्ही ग्रहांच्या वर्षांचा गुणाकार करून दहाने भागावे, उत्तर महिन्यांत येते. शुक्रात मंगळ : २० × ७ = १४०, म्हणजे १४ महिने. शनीत मंगळ : १३३, म्हणजे १३ महिने ९ दिवस. चतुर्थेश, चतुर्थातील ग्रह, चतुर्थावर दृष्टी टाकणारा ग्रह किंवा मंगळ यांपैकी एकाची महादशा व दुसऱ्याची अंतर्दशा, शिवाय दोहोंपैकी एकाचा लाभ वा धन स्थानाशी संबंध, असा काळ खरेदीला अनुकूल धरतात. त्याच अवधीत गुरू व शनी दोघेही गोचरीने (आकाशातील चालू भ्रमणाने) चतुर्थावर किंवा चतुर्थेशावर युती वा दृष्टीने परिणाम करत असतील, तर महिन्यांची खिडकी आणखी अरुंद करता येते. शनी एका राशीत सुमारे अडीच वर्षे, गुरू साधारण १२-१३ महिने राहतो. गुरूला ५, ७, ९ व शनीला ३, ७, १० या दृष्टी आहेत. निव्वळ गोचरीवरून, म्हणजे वर्तमानपत्रातील राशिभविष्यावरून, घराचा काळ काढू नये. ते सर्वांना सारखेच असते.

दशेची गणना चंद्राच्या अंशांवर उभी असल्याने अयनांशाचा (राशिचक्राचा आरंभ ठरवणाऱ्या अंशांचा) फरक येथे सर्वाधिक बोचतो. महाराष्ट्रात बहुसंख्य पंचांगे चित्रापक्षीय (लाहिरी) अयनांश वापरतात, पण टिळक पंचांग रैवतपक्षीय आहे. दोहोंत सुमारे ४ अंशांचे अंतर आहे. एक नक्षत्र १३ अंश २० कलांचे आणि त्यात एका ग्रहाची पूर्ण दशा, म्हणून शुक्राच्या २० वर्षांत एक अंश म्हणजे दीड वर्ष. चार अंशांनी दशा ६ वर्षे सरकते. कोकणातील जुनी, रैवतपक्षाने मांडलेली पत्रिका आणि संगणकावर काढलेली नवी पत्रिका यांतील दशा जुळत नाहीत, त्याचे कारण बहुधा हेच. दोन्हींची सरमिसळ करू नये. एका पत्रिकेची कुंडली आणि दुसरीची दशा घेणे हा हमखास चुकीचा मार्ग आहे.

कृष्णमूर्ती पद्धती : महाराष्ट्रात अनेक अभ्यासक के. एस. कृष्णमूर्ती यांची पद्धत वापरतात. तिच्यात चतुर्थ भावारंभाचा उपनक्षत्रस्वामी (नक्षत्राच्या नऊ असमान भागांपैकी त्या भागाचा स्वामी) ४, ११, १२ या स्थानांचा कार्येश (फळ देणारा) असेल तर खरेदी होते आणि त्याच स्थानांच्या कार्येश ग्रहांच्या दशा-अंतर्दशा-विदशेत (अंतर्दशेच्या पोटभागात) होते, असा नियम आहे. कर्ज असेल तर षष्ठही जोडतात. विक्रीसाठी ३, ५, १० पाहतात. जन्मवेळ उपलब्ध नसल्यास प्रश्नकर्त्याकडून १ ते २४९ मधील एक संख्या घेऊन प्रश्नकुंडली मांडतात. उपनक्षत्राचा विस्तार सर्वांत लहान असताना अवघा ४० कलांचा असतो आणि लग्न सुमारे ४ मिनिटांत एक अंश पुढे सरकते. त्यामुळे ही पद्धत जन्मवेळेच्या बाबतीत पारंपरिक पद्धतीहूनही हट्टी आहे.

कोणता क्षण धरायचा : घरखरेदी ही एक घटना नसते. विसारपावती, साठेखत, खरेदीखत, ताबा आणि वास्तुशांत यांत कधी महिने, तर बांधकाम चालू असलेल्या इमारतीत वर्षे जातात. भाकीत ‘चुकले’ की ‘बरोबर आले’ हे ठरवताना प्रत्येक जण सोयीची तारीख उचलतो. यात शिस्त हवी. नोंदणी अधिनियम, १९०८ प्रमाणे दस्तावर सह्या झाल्यापासून ४ महिन्यांच्या आत तो नोंदणीसाठी सादर करता येतो, आणि नोंदलेला दस्त नोंदणीच्या दिवसापासून नव्हे, तर करून दिल्याच्या वेळेपासून अमलात येतो. म्हणून मालकीसाठी सह्यांची वेळ, आणि गृहसौख्यासाठी प्रत्यक्ष ताब्याची वेळ धरणे सर्वांत सुसंगत. मुहूर्त काढतानाही हेच लागू पडते. दुय्यम निबंधक कार्यालयात टोकन घेऊन रांग सरकेपर्यंत मुहूर्त टळून जातो. सह्या मुहूर्तावर आधी कराव्यात, नोंदणी सवडीने, मुदतीत.

घर कोणाच्या नावावर, हाही प्रश्न पत्रिकेइतकाच महत्त्वाचा. महाराष्ट्रात महिलेच्या नावावर निवासी घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत २०२१ पासून आहे. त्यामुळे घर पत्नीच्या नावावर आणि पाहिलेली पत्रिका पतीची, असे सर्रास होते. दस्तात ज्याचे नाव, त्याची पत्रिका मुख्य. संयुक्त नावे असतील तर दोन्ही पाहाव्यात. परदेशातील मालकाने कुलमुखत्यारपत्र दिले असेल, तर मुहूर्त जिथे सही होते त्या गावच्या सूर्योदयावर काढावा, मालकाच्या राहत्या शहराच्या नव्हे.

मर्यादा : फलज्योतिषाला वैज्ञानिक आधार सिद्ध झालेला नाही. जयंत नारळीकर यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रात २००८ मध्ये घेतलेल्या चाचणीत २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिका पाहून त्या हुशार मुलांच्या की मतिमंद मुलांच्या हे सांगायचे होते. बरोबर उत्तरांचे प्रमाण सरासरी ४६ टक्के आले, म्हणजे नाणे उडवून मिळेल त्याहून जास्त नाही. चाचणी घर-जमिनीविषयी नव्हती, तरी पत्रिकेवर लाखो रुपयांचा निर्णय सोपवणाऱ्याने ती ठाऊक ठेवावी.

कितीही उत्तम योग असला तरी तो सातबाऱ्यावरचा बोजा दाखवत नाही. फेरफार नोंदी, ३० वर्षांचा मालकी हक्काचा शोध, बिगरशेतीचा आदेश, महारेरा नोंदणी आणि भोगवटा प्रमाणपत्र ही कागदपत्रे वकिलाकडून तपासून घ्यावी लागतात, आणि हा तपास ज्योतिषाकडे जाण्यापूर्वी व्हावा. अनुकूल अंतर्दशा संपत आली म्हणून घाईने विसार देणे, ही या विषयात लोकांना सर्वांत महाग पडणारी चूक. जाणकार ज्योतिषी अशा वेळी पुढच्या अंतर्दशा तपासतो. चतुर्थाशी संबंध असलेला दुसरा ग्रह त्याच महादशेत पुढे बहुधा येतोच.

मुहूर्ताच्या बाबतीत गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा आणि बलिप्रतिपदा या साडेतीन मुहूर्तांवर वेगळे पंचांग पाहण्याची रूढी नाही. त्यांपैकी काही दिवशी सरकारी सुट्टी असल्याने कार्यालय बंद असते, पण सही आणि विसार त्या दिवशी देता येतात. एरवी खरेदीसाठी गुरुवार व शुक्रवार पसंत करतात, भद्रा (विष्टी करण, पंचांगातील अशुभ मानलेला काळ) आणि पितृपक्ष टाळतात. राहुकाळ दिनमानाचा आठवा भाग असतो. सूर्योदय सहाचा धरल्यास तो गुरुवारी दुपारी दीड ते तीन आणि शुक्रवारी सकाळी साडेदहा ते बारा येतो. प्रत्यक्ष सूर्योदय पुढेमागे असेल, त्या प्रमाणात या वेळाही सरकवून घ्याव्यात.