व्यापारी वाडा (ठाणे परिसर)

ठाणे, कल्याण, भिवंडी आणि मुरबाड या बाजारपेठांत भात, मीठ व इमारती लाकडाचा व्यापार करणाऱ्या शेटसावकारांचे राहते घर. पेढी आणि बिऱ्हाड एकाच छपराखाली असणे, ही त्याची मुख्य ओळख. मुंबईचे नामांकित व्यापारी जगन्नाथ शंकरशेट (1803–65) यांचे घराणे मूळचे मुरबाडचे. त्यांचा प्रसिद्ध वाडा मात्र गिरगावातला.

या घरांच्या उगमाविषयी मतभेद आहेत. मराठ्यांनी 1737 मध्ये साष्टी (ठाणे ज्यावर वसले आहे ते बेट) घेतल्यावर पुणेरी वाड्याची चौकाची रचना घाटाखाली आली, असे एक मत. बंदरांतील गुजराती व कोकणी व्यापाऱ्यांची पेढीची घरे आधीपासून होती आणि चौक त्यांतच रूढ होता, असे दुसरे. दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते; कारण येथील चौक अगदी लहान, चारी बाजूंच्या पडव्या खोल आणि वळचणी खाली उतरलेल्या असतात. सुमारे 2,500 मिमी. पावसाच्या मुलखाला साजेशी ही बांधणी देशावरून जशीच्या तशी उचललेली दिसत नाही.

घडीव काळ्या दगडाचे जोते, त्यावर ओटी, ओटीलगत पेढी, आत माजघर व देवघर, वर माडी, ही मांडणी सर्वपरिचित आहे.

कालनिर्णय करताना कौलांवर विसंबू नये. मंगलोरी कौलांचे उत्पादन बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने 1865 मध्ये सुरू केले. त्यामुळे अशी कौले दिसली की वाडा त्यानंतरचाच, असा निष्कर्ष सर्रास काढला जातो. वस्तुतः दर पावसाळ्याआधी करावी लागणारी शाकारणी (छपराची कौले उतरवून पुन्हा नीट बसवणे) टाळण्यासाठी अनेकांनी जुन्या घरांवरची नळीची कौले उतरवून ही चपटी कौले चढवली. त्यासाठी रिपा (कौले टेकवण्याच्या आडव्या लाकडी पट्ट्या) नव्याने, ठरावीक अंतरावर ठोकाव्या लागत. वासे तेच राहत. वाशांवर जुन्या खिळ्यांची रिकामी भोके किंवा कामट्या (बांबूच्या चिरफळ्या) बांधल्याचे वळ आढळले, तर सांगाडा छपराहून जुना समजावा. तुळई आणि खांबाचा सांधाही पाहण्याजोगा असतो: एकाचे टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवून लाकडी मेख मारलेली असल्यास काम जुन्या वळणाचे मानता येते, पण एवढ्यावरून दशक ठरवणे धाडसाचे होईल. सुतार घराणी तीच पद्धत पुढेही चालवत होती.

इंग्रजांनी डिसेंबर 1774 मध्ये ठाण्याचा किल्ला घेतल्यानंतर येथे पारशी व्यापाऱ्यांची वस्ती वाढली. कावसजी पटेल यांनी बांधलेली टेंभी नाक्याची अगियारी साधारणतः 1780 ची मानतात. ते धर्मस्थळ असल्याने तिचा विचार येथे केलेला नाही. पारशी घरांत चौकापेक्षा दर्शनी ओटल्याला महत्त्व असे.

रेल्वे ठाण्याला 1853 मध्ये आणि कल्याणला 1854 मध्ये पोहोचली. बंदरावरचा माल हळूहळू रुळांकडे वळला, तशा खाडीकाठच्या पेढ्या ओस पडू लागल्या. पुढे अनेक वाड्यांत भाडेकरूंच्या खोल्या निघाल्या आणि पडव्या पत्र्याने बंदिस्त झाल्या. पाडलेल्या वाड्यांचे सागवान जुन्या लाकडाच्या वखारींत पुन्हा विकले जाते.