उतारावरचा ट्रेलर आपोआप लेव्हलमध्ये कसा येतो?

खानदेशात खरोखर सपाट जागा हवी असेल तर तापीच्या काठाला जावं लागतं. तिथून उत्तरेला निघालात की यावल-रावेरच्या केळीबागा मागे पडतात न पडतात तोच जमीन सातपुड्याकडे चढू लागते. दक्षिणेला चाळीसगाव सोडलं की पाटणादेवीचे डोंगर समोर उभे. जिथे मुक्काम करावासा वाटतो, म्हणजे तोरणमाळ, पाल किंवा गौताळ्याचा पायथा, तिथली जमीन अशीच चढउताराची. तंबू असला तर थोडी जागा बदलून, चार दगड बाजूला सारून भागतं. पण गाडीमागे जोडून न्यायच्या ट्रेलरमध्ये पलंग, ओटा, मोरी, फ्रिज सगळं कायमचं बसवलेलं असतं. खालची जमीन जेवढी कलते, तेवढंच हे सगळं घर कलतं.

महाराष्ट्राने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आणि चाकांवरचं घर ही गोष्ट आपल्याकडे सरकारी कागदावर आली. परदेशातल्या मोठ्या ट्रेलरना आता एक बटण असतं. ते दाबलं की चारही कोपऱ्यांतले जॅक घरघरत खाली येतात, कुठे कमी कुठे जास्त वर-खाली होतात आणि दोन-चार मिनिटांत ट्रेलर समतल उभा राहतो. या बटणामागचं विज्ञान फार सुंदर आहे. पण ते यंत्र एका बाबतीत पूर्ण आंधळं आहे आणि नेमकी तीच बाब खानदेशात सगळ्यात महत्त्वाची ठरते. त्याला ‘खाली’ कोणत्या दिशेला आहे ते अचूक कळतं. खाली माती कसली आहे ते अजिबात कळत नाही.

आधी उतार किती म्हणजे त्रासदायक ते पाहू. ट्रेलरच्या डाव्या आणि उजव्या चाकांत २ मीटर अंतर धरलं, तर फक्त ३ अंशांच्या कलाला एक चाक दुसऱ्यापेक्षा साडेदहा सेंटिमीटर खाली जातं. शेताच्या बांधालगत उभं राहून पाहिलं तर एवढा उतार डोळ्यांना जाणवतही नाही. आत शिरल्यावर मात्र लगेच कळतं. मोरीतलं पाणी जाळीकडे न जाता कोपऱ्यात साचतं, कपाटाचं दार आपोआप उघडतं, कढईतलं तेल एका कडेला जमतं आणि झोपेत माणूस भिंतीकडे सरकत राहतो. पाण्याच्या टाकीतला सेन्सरही चुकीचा आकडा दाखवतो, कारण टाकीतलं पाणी एका बाजूला गेलेलं असतं.

या गैरसोयी माणूस सहन करील, पण ट्रेलरमधला एका प्रकारचा फ्रिज कल सहन करत नाही. घरच्या फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर असतो. या फ्रिजच्या थंड करणाऱ्या यंत्रणेत हलणारा एकही भाग नसतो आणि तो चक्क गॅसच्या छोट्या ज्योतीवर चालतो. बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन स्वीडिश तरुणांनी स्टॉकहोममध्ये शिकत असताना १९२२ साली ही रचना शोधली. बंद नळ्यांमध्ये पाणी, अमोनिया आणि हायड्रोजन भरलेले असतात. ज्योतीच्या उष्णतेने पाण्यात विरघळलेला अमोनिया वायू होऊन बाहेर पडतो, वरच्या नळ्यांत निवून द्रव होतो आणि खाली ओघळतो. तिथे हायड्रोजन असल्यामुळे अमोनियाचा स्वतःचा दाब एकदम घटतो, म्हणून तो अगदी कमी तापमानालाही उडून जातो आणि जाताना फ्रिजच्या आतली उष्णता ओढून घेतो. पुढे पाणी त्याला पुन्हा शोषून घेतं आणि हे मिश्रण परत ज्योतीवर तापणाऱ्या भांड्याकडे, म्हणजे बॉयलरकडे येतं.

या फेऱ्यात पंप नाही. बॉयलरमधले बुडबुडे द्रावण वर उचलतात. बाकी सगळं वाहणं गुरुत्वाकर्षणावर सोडलेलं. नळ्यांना कारखान्यात अगदी मोजका उतार दिलेला असतो. ट्रेलर कलला की तो मोजका उतार नाहीसा होतो किंवा उलटा होतो, द्रव मध्येच तुंबून राहतो आणि बॉयलर जवळपास कोरडा तापू लागतो. नळ्या आतून गंजू नयेत म्हणून द्रावणात सोडियम क्रोमेट घातलेलं असतं. त्या जास्तीच्या उष्णतेने त्याचा घट्ट थर धरतो आणि नळी कायमची बुजते. नंतर ट्रेलर कितीही सरळ उभा केला तरी फ्रिज थंड होत नाही. म्हणूनच अशा अनेक फ्रिजच्या माहितीपुस्तकात डावी-उजवीकडचा कल ३ अंशांपर्यंत आणि पुढे-मागचा ६ अंशांपर्यंतच चालेल असं छापलेलं असतं. बऱ्याच नव्या ट्रेलरमध्ये १२ व्होल्टवर चालणारा कॉम्प्रेसरचा फ्रिज येतो, तो याहून कितीतरी जास्त कल सोसतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा ज्योतीवरचा फ्रिज सरळ उभा असूनही धापा टाकतो. आपल्या भागात कुणी ट्रेलर बांधून घेत असेल तर मी त्यांना निःसंशय कॉम्प्रेसरवालाच घ्यायला सांगेन.

आता त्या बटणाकडे. ट्रेलरच्या सांगाड्यावर एक छोटा बंद डबा स्क्रूने पक्का केलेला असतो. त्यात नखाहून लहान अशी एक चिप असते. चिपच्या आत सिलिकॉनचाच कोरून काढलेला एक सूक्ष्म तुकडा, सिलिकॉनच्याच लवचीक पट्ट्यांवर अधांतरी टांगलेला. त्याच्या कडेला कंगव्यासारखे दाते असतात आणि ते शेजारच्या स्थिर दात्यांच्या फटीत बसतात. चिप कलली की गुरुत्वाकर्षण त्या तुकड्याला किंचित बाजूला ओढतं, दात्यांमधलं अंतर बदलतं आणि त्याबरोबर विद्युत धारकता, म्हणजे दात्यांची वीज साठवण्याची क्षमता बदलते. हा बदल मोजला की कल किती ते कळलं. आपल्या मोबाइलचा पडदा आडवा-उभा होतो तो याच जातीच्या चिपमुळे.

इथे एक खुबी आहे. चिप आडवी ठेवून गुरुत्वाकर्षणाचा ‘बाजूला’ जाणारा हिस्सा मोजतात, सरळ खाली जाणारा नाही. ट्रेलर १ अंश कलला तर खालच्या दिशेचा हिस्सा १ वरून ०.९९९८५ होतो, म्हणजे बदल जवळजवळ नाहीच. बाजूचा हिस्सा मात्र शून्यावरून ०.०१७५ होतो. पहिल्या बदलाच्या तुलनेत हा शंभरपटीहून मोठा आहे. म्हणजे ट्रेलर समतल होण्याच्या जवळ येतो, नेमका तेव्हाच हा सेन्सर सगळ्यात बारकाईने पाहू शकतो. अशा दोन मापांवर, एक लांबीच्या दिशेचं आणि एक रुंदीच्या दिशेचं, सगळं काम चालतं.

गुरुत्वाकर्षणाकडून समपातळी विचारून घेण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. सूर्यसिद्धांत या जुन्या ज्योतिषग्रंथात शंकू, म्हणजे सावली मोजायचा उभा खुंटा, उभारण्याआधी खालचा दगडी पृष्ठभाग पाण्याने तपासून सम करून घ्यायला सांगितलं आहे. पाटणादेवीजवळच्या पाटण गावात १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढल्याची त्यात नोंद आहे. त्याच भास्कराचार्यांनी ११५० च्या सिद्धान्तशिरोमणीत लिहून ठेवलंय की पृथ्वीच्या अंगी आकर्षणशक्ती आहे आणि आकाशातली जड वस्तू ती स्वतःकडे ओढते. पाटणादेवीच्या पायथ्याशी ट्रेलर लेव्हल करताना ही आठवण मनात येतेच. गवंड्याचा ओळंबा, पाणसळीतला (स्पिरिट लेव्हलमधला) बुडबुडा आणि ही चिप या तिघांचा आधार ती एकच ओढ आहे.

सेन्सरच्या मर्यादाही इथूनच निघतात. त्याला गुरुत्वाकर्षणाची ओढ आणि हालचालीचा धक्का यांतला फरक ओळखता येत नाही. जॅक चालू असताना आत कुणी फिरलं, पोरं पलंगावर उड्या मारू लागली, तर माप थरथरतं. म्हणून त्या दोन मिनिटांत सगळ्यांनी बाहेर थांबावं. दुसरं म्हणजे, डबा बसवतानाच तिरका बसला तर यंत्र दर वेळी इमानेइतबारे तेवढंच तिरकं घर उभं करील. त्यासाठी एकदा पाणसळ फ्रिजच्या तळाशी ठेवून, जॅक हातानेच वर-खाली करून ट्रेलर अचूक समतल करायचा आणि हेच शून्य असं यंत्राला शिकवायचं. सेन्सरचं शून्य तापमानाने थोडं सरकतं, त्यामुळे हे काम भर उन्हात न करता सकाळी करावं. मोबाइलने तपासणार असाल तर त्याच्या पाठीवरचा कॅमेऱ्याचा उंचवटा फरशीला टेकू देऊ नका, नाहीतर मोबाइल स्वतःच कललेला असतो.

कल कळल्यावर खरं अवघड काम सुरू होतं. तीन दगडांची चूल कशाही जमिनीवर मांडा, डुगडुगत नाही, कारण तीन टोकांतून एकच पातळी जाते. ट्रेलरला चार पाय असतात, कधी सहा. चौथा पाय किंचित जास्त उतरला तरी सेन्सरला सगळं समतलच दिसेल, पण लोखंडी सांगाडा पिळला जाईल. पिळलेल्या सांगाड्याची पहिली खूण म्हणजे दार चौकटीत अडकायला लागतं. म्हणून यंत्र एकेक जॅक सुटा हलवत नाही, जोडीने हलवतं. आधी पुढची जोडी घेऊन लांबीचा कल काढतं, मग खालच्या बाजूची जोडी उचलून रुंदीचा कल काढतं, आणि उरलेले पाय नुसते जमिनीला टेकवतं. टेकला हे कसं कळतं? मोटरवर भार आला की ती जास्त करंट ओढते. करंट एकदम चढला की पाय टेकला असं यंत्र धरून चालतं. तेलाच्या दाबावरच्या जॅकमध्ये हीच खूण दाबावरून मिळते.

आणि इथेच काळी माती त्याला चकवते. करंट चढला म्हणजे खाली काहीतरी लागलं, एवढंच. ते मुरूम आहे, खडक आहे की वरून वाळलेलं आणि आतून ओलं ढेकूळ आहे, यात त्याला भेद करता येत नाही. आपली काळी जमीन बेसाल्ट झिजून तयार झालेली आहे. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीचं खनिज भरपूर असतं. त्याच्या कणांची रचना पातळ थरांची. पाणी थरांमध्ये शिरलं की माती फुगते आणि मऊ होते, वाळली की आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसाची एक सर येऊन गेल्यावर रावेरकडच्या एका शेतात मी ट्रेलरचा जॅक अगदी जवळून पाहिला आहे. पायाची लोखंडी चकती आधी नीट टेकलेली होती. तासाभरात तिच्या कडेने मातीची ओली झालर वर आली आणि चकती तिच्या आत दिसेनाशी झाली.

गणित सोपं आहे. एका जॅकवर ४०० किलो भार आणि चकती १५ सेंटिमीटर लांब-रुंद धरली तर दर चौरस सेंटिमीटरवर पावणेदोन किलोहून जास्त भार येतो. त्याखाली ३० सेंटिमीटर लांब-रुंद जाड फळी ठेवली की क्षेत्रफळ चौपट होतं आणि भार अर्ध्या किलोच्या आत येतो. फळी पातळ नको, मध्येच वाकली तर चौपटीचा फायदा गेला. तापीकाठच्या गाळाच्या जमिनीवर, जिथे सारंगखेड्याच्या यात्रेत तंबू पडतात, तिथेही हाच नियम. उन्हाळ्यात डांबरी जागेवरसुद्धा फळी हवीच, कारण दुपारी डांबर मऊ होऊन चकती त्यात रुतते.

जागा निवडतानाच मुरमाड पट्टा शोधलेला सगळ्यात बरा. शेतमालकाला विचारा, बैलगाडी पावसाळ्यात कुठून जाते. तो रस्ता म्हणजे जमिनीची सगळ्यात विश्वासू परीक्षा. उतार फार असेल तर सगळा जॅकवर टाकू नका, आधी खालच्या बाजूच्या चाकाखाली फळ्या घालून ट्रेलर त्यांवर चढवा. चाकं जमिनीवरून उचलली गेली की चाकाला लावलेल्या पाचरीला काही अर्थ उरत नाही. मग उतारावरचा ट्रेलर फक्त जॅकच्या उभ्या दांड्यांवर उभा असतो, आणि त्या दांड्या बाजूच्या धक्क्यासाठी बनवलेल्याच नसतात. पाचरी दोन्ही बाजूंच्या चाकांना, पुढून आणि मागून, गाडीपासून ट्रेलर सोडण्याच्या आधीच लावायच्या.

रात्री पाऊस झाला तर सकाळी चहा ठेवण्याआधी पाणसळ पुन्हा एकदा फरशीवर ठेवून पाहा. बुडबुडा सरकलेला असेल तर लगेच बटण दाबू नका. आधी चारही जॅकपाशी वाकून कोणती फळी खचली ते बघा, तो पाय उचला, खाली मुरूम किंवा दुसरी फळी भरा आणि मगच बटणाकडे जा.