नकाशे बाहेरून का येतात? सोलापुरातल्या आर्किटेक्ट कार्यालयांची पार्श्वभूमी

शहरात एखाद्या प्रशासकीय इमारतीची किंवा रुग्णालयाची निविदा निघाली की सोलापुरात एक प्रश्न हमखास येतो: इथं एवढे आर्किटेक्ट असताना नकाशे पुण्या-मुंबईहून कशाला? कुणी म्हणतं इथल्यांची कुवत नाही, कुणी म्हणतं वशिला. दोन्ही उत्तरं सोपी आहेत म्हणून लोकप्रिय आहेत. खरी गोम आहे ती नेमणुकीच्या रीतीत. ही रीत गेल्या पन्नासेक वर्षांत बदलत गेली, स्थानिक कार्यालयं तिच्याच जोरावर वाढली आणि पुढं तिच्यातच अडकली.

जुना काळ थोडक्यात. नगरपालिका १८५२ची, कापड गिरण्या १८७०च्या दशकापासूनच्या. ज्या इंद्रभुवनाचे फोटो आज महापालिकेच्या प्रत्येक बातमीत दिसतात, तो मुळात एका धनिकाचा खासगी वाडा होता. सरकारी इमारती बांधकाम खातं बांधायचं आणि आरेखनही खात्यातच व्हायचं. स्वातंत्र्यानंतर यात फारसा फरक पडला नाही. १९६३ला वैद्यकीय महाविद्यालय आलं, १९६४ला महापालिका झाली, तरी खात्याच्या मुंबईतल्या मुख्य वास्तुशास्त्रज्ञ कार्यालयाचा शब्द अखेरचा. दवाखाने, विश्रामगृहं, कर्मचाऱ्यांची घरं ‘टाइप प्लॅन’वर, म्हणजे सगळीकडं चालवायच्या एकाच ठरावीक नकाशावर उठायची. तोच नकाशा रत्नागिरीच्या पावसात आणि तोच सोलापूरच्या ४४ अंशांत. जाड भिंती आणि मातीचं माळवद घालून पिढ्यान्‌पिढ्या उन्हाळा काढलेल्या गावात पातळ स्लॅबखाली रुग्ण आणि बाबू दोघंही भाजून निघाले. त्याची तक्रार नोंदवायची कुणाकडं, हा प्रश्नच नव्हता, कारण नकाशा काढणारा गावात नव्हताच.

वास्तुविशारद कायदा १९७२चा. त्यानं आर्किटेक्टची वास्तुविशारद परिषद आली, नोंदणी आली आणि ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी नोंदणीकृतांपुरती राखीव झाली. त्यानंतरच्या दशकांत सोलापुरात जी कार्यालयं उभी राहिली ती बहुधा एका खोलीची: तिरपं ड्रॉइंग टेबल, ट्रेसिंग कागदाच्या गुंडाळ्या आणि नकाशांच्या अमोनिया प्रिंटचा डोळ्यांत जाणारा वास. मंजुरीच्या प्रिंटवर प्रस्तावित बांधकाम लाल रंगवायचं, पाडायचं ते पिवळ्या रेघांनी दाखवायचं, ड्रेनेज लाल तुटक रेषेत. हे रंगकाम शिकाऊ पोरांच्या वाट्याला यायचं. चार-सहा संच करताना एखाद्या प्रतीवर भिंत रंगवायची राहिली की फाईल तेवढ्यावरून परत.

या कार्यालयांना ‘सार्वजनिक’ म्हणता येईल असं पहिलं काम सरकारनं दिलं नाही, सहकारानं दिलं. साखर कारखान्यांची कार्यालयं, बँकांच्या शाखा, बाजार समित्यांचे गाळे, शिक्षण संस्थांच्या शाळा. जिल्हा उसाचा आणि संस्थांचा, त्यामुळं कामाला तोटा नव्हता. नेमणूक ओळखीवर, फी बांधकामखर्चाच्या टक्क्यावर आणि ती अनेकदा तोंडी ठरलेली. या पद्धतीत वशिला होता हे खरंच आहे. पण एकदा नेमलेला माणूस पाया खणण्यापासून रंगापर्यंत साइटवर जायचा, अध्यक्षांना तोंडावर ‘हे असं नको’ म्हणू शकायचा आणि इमारत गळली तर शिव्याही तोच खायचा. हा भाग आजच्या चर्चेत कुणी काढत नाही.

२००४ला सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ मिळालं. तोवर टेबलांच्या जागी संगणक आले होते आणि सरकारी कामंही बाहेरच्या आर्किटेक्टकडं जाऊ लागली होती. खात्याकडं माणसं कमी, कामं जास्त, म्हणून पॅनेल, म्हणजे मान्य आर्किटेक्टची यादी, आलं. पॅनेलवर नाव लागलं की आपली वाढ झाली, असं कार्यालयांना वाटायचं. वाद सुरू झाला तो पुढच्या पायरीवर: पॅनेलवरच्यांपैकी काम कुणाला द्यायचं? सोपं उत्तर निघालं, जो कमी टक्का भरेल त्याला.

या निर्णयावर थोडं थांबायला हवं. आर्किटेक्टच्या व्यावसायिक वर्तनाचे १९८९चे नियम सांगतात की परिषदेनं ठरवलेल्या नेमणुकीच्या अटी आणि फीचं प्रमाण पाळायचं. निविदा सांगते, टक्का कमी भरा. म्हणजे नियम पाळणारा दराचं पाकीट उघडताच बाद. केंद्राच्या २०१७च्या सामान्य वित्तीय नियमांत दोन्ही वाटा आहेत: गुणवत्ता आणि खर्च दोन्हींना गुण देऊन निवड करायची, किंवा काम नेहमीच्या साच्यातलं असेल तर किमान खर्चावर. राज्याचे नि महापालिकांचे नियम वेगळे, पण वाद तोच, की इमारतीचं आरेखन हे साच्यातलं काम मानायचं का. लेखापरीक्षणाच्या दृष्टीनं कमी दराचा निर्णय सर्वांत निर्धोक, फाईलवर आक्षेप येत नाही. अधिकाऱ्याला तेवढं पुरतं, त्यालाही नोकरी करायची असते.

हिशेब मांडून बघा. समजा इमारत १० कोटींची. ४ टक्के फी म्हणजे ४० लाख, १ टक्का म्हणजे १० लाख. त्या १० लाखांतच स्ट्रक्चरल इंजिनिअर, वीज, प्लंबिंग, अग्निशमन असे सगळे सल्लागार. सोलापूरची काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, तिथं चार ठिकाणी खड्डे घेऊन मुरूम कुठं लागतो ते बघायला पाहिजे. दहा लाखांत एक खड्डा घेतात आणि बाकीचं अंदाजानं. साइटच्या फेऱ्या कमी होतात, तपशिलाची ड्रॉइंग निघत नाहीत, खिडकीवरचा छज्जा किती पुढं काढायचा ते शेवटी मिस्त्री ठरवतो. वाचलेले ३० लाख मग जादा बाबींच्या बिलात जातात.

जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० शहरांत सोलापूरचं नाव आलं तेव्हा स्थानिक कार्यालयांच्या अपेक्षा फार उंचावल्या होत्या. होम मैदान, इंद्रभुवनाची जतन-दुरुस्ती, रस्ते, क्रीडासंकुल, यादी मोठी होती. पण पैसे स्वतंत्र कंपनीमार्फत आणि आरेखन प्रकल्प सल्लागारामार्फत. सल्लागाराच्या पात्रतेत तीन वर्षांची सरासरी उलाढाल आणि तसंच काम पूर्ण केल्याचे दाखले. १५-२० माणसांच्या कार्यालयाला ही उलाढाल दाखवता येत नाही, आणि काम मिळाल्याशिवाय दाखला मिळत नाही. मार्ग निघाला भागीदारीचा: बाहेरची मोठी फर्म पुढं, सोलापूरची मागं. मोजणी इथल्यांनी करायची, बैठकांना इथल्यांनी जायचं, फलकावर नाव तिकडचं. तरी याच काळात काही कार्यालयं आकारानं वाढली, हे नाकारता येत नाही.

घरांचा अनुभव याहून वेगळा. सोलापूरजवळच्या कुंभारीला विडी कामगार महिलांसाठी १०,००० घरांची वसाहत २००६ला हस्तांतरित झाली, आणि तिथल्याच ३०,००० घरांच्या रे नगरातल्या १५,००० घरांच्या किल्ल्या जानेवारी २०२४ मध्ये दिल्या गेल्या. इथं एकच घर हजारो वेळा बांधलं जातं, तेव्हा मोरीचा उतार एकदा चुकला तर हजारो ठिकाणी चुकतो. टक्केवारीच्या भांडणात या कामांचा उल्लेख क्वचित होतो, पण या शहरातल्या सर्वांत जास्त माणसांच्या रोजच्या जगण्यावर परिणाम करणारे नकाशे हेच.

२०२० मध्ये दोन गोष्टी घडल्या. मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की १९७२चा कायदा उपाधीला संरक्षण देतो, आरेखनाच्या कामाला नव्हे. डिसेंबरमध्ये राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली आणि मंजुरीचं बरंचसं तंत्र बदललं. दुसऱ्या गोष्टीची चर्चा जास्त झाली, कारण तिथं चटई क्षेत्राचा, म्हणजे भूखंडावर किती बांधता येईल त्याचा, पैसा आहे.

आता मोठी कामं आरेखनासकट एकाच कंत्राटात देण्याकडं कल आहे. कंत्राटदारच आर्किटेक्ट नेमतो, फी तोच देतो. छज्जा कापला, जाळी बदलली, शहाबादीऐवजी स्वस्त टाइल आली, तर आर्किटेक्टनं हरकतीचं पत्र लिहायचं ते आपल्याच मालकाला. व्यवसायातून होणाऱ्या मागण्या ठरलेल्या आहेत: गुणवत्तेला गुण द्या, लहान कामांना उलाढालीची अट शिथिल करा, आरेखन आणि बांधकाम वेगळं ठेवा. पहिल्या दोन अधूनमधून एखाद्या निविदेत मान्य होतात. तिसरीला खात्यांचा विरोध आहे, कारण एकच कंत्राट असलं की उशिराची जबाबदारी एकावरच टाकता येते.