नदीत अडकलेत म्हणून डॉल्फिनना हाकलायचं का?

मागच्या महिन्यात चोर्ला घाटातनं गोव्याला गेलो होतो, बोटीतनं डॉल्फिन बघितले आणि परत येताना जांबोटीत चहाला थांबलो तर भाची म्हणाली, मामा ते डॉल्फिन मांडवीतनं पोहत पोहत आपल्या खानापुरात आले तर काय करायचं? प्रश्न लई चांगला आहे, कारण मांडवी म्हणजे आपली म्हादईच की, खानापूरच्या जंगलातच उगम पावते ती. खानापुरापर्यंत काय ते येणार नाहीत, मध्ये घाट आहे, पण नदीच्या मुखात मात्र डॉल्फिन खरंच येतात.

अमेरिकेत न्यू जर्सीला 2008 च्या उन्हाळ्यात असंच झालं. श्रूझबरी आणि नेव्हसिंक या दोन नद्यांत साधारण पंधराएक डॉल्फिन शिरले आणि समुद्रात परत जायचं नावच घेईनात, थंडी जवळ आली तसे तिथले लोक काळजीत पडले, त्यांना बाहेर काढा म्हणून सरकारच्या मागे लागले. ही भीती हवेतली नव्हती, 1993 च्या हिवाळ्यात याच श्रूझबरी नदीत डॉल्फिन मेले होते.

आता आमच्या बेळगावच्या माणसाला नदी म्हटलं की मलप्रभा नाहीतर घटप्रभा आठवते, गोडं पाणी, एकाच दिशेनं वाहणारं. न्यू जर्सीच्या त्या नद्या तशा नाहीत, खाडीच म्हणा त्यांना, भरती-ओहोटी येते, पाणी खारट असतं आणि मासे भरपूर. म्हणजे डॉल्फिन तिथं वाट चुकून आले असं धरून चालायचं कारण नाही, पोट भरतंय म्हणून थांबले असतील. पूर्ण गोड्या पाण्यात मात्र त्यांचे हाल होतात. समुद्रात लिटरमागं साधारण 35 ग्रॅम मीठ असतं, ते फारच कमी झालं आणि तसंच आठवडेच्या आठवडे राहिलं तर कातडीला जखमा होतात. गंगेतला डॉल्फिन वेगळा, तो जन्मभर नदीतच राहतो.

मग थंडीची भीती कशाला? नुसत्या गारठ्याची नाही, कातडीखाली चरबीचा जाड थर असतो. भीती बर्फाची. डॉल्फिन मासा नाही, त्याला आपल्यासारखी फुप्फुसं आहेत, श्वास घ्यायला दर थोड्या वेळानं वर यावंच लागतं. आणि खाडी समुद्राच्या आधी गोठते, कारण नदीचं गोडं पाणी हलकं म्हणून वर तरंगतं आणि ते शून्य अंशालाच गोठतं, समुद्राचं पाणी गोठायला उणे 1.8 च्या आसपास जावं लागतं. वरनं झाकण बसलं की खालचा प्राणी गुदमरणार.

हे सगळं ऐकलं की कुणालाही वाटेल, अरे मग हाकला की त्यांना! पण तिथल्या सरकारी शास्त्रज्ञांनी लगेच हात घालायला नकार दिला आणि मला ते पटतं. पाण्यात आवाज हवेच्या चौपटीपेक्षा जास्त वेगानं जातो, बोटीतनं पाइप ठोकून हाकलायला लागलं की कळप घाबरून फुटतो, पिल्लू आईपासनं तुटतं, एखादा उथळ चिखलात रुततो. उचलून नेणं तर आणखी अवघड. 2006 साली लंडनच्या थेम्स नदीत आलेला देवमासा समुद्राकडं नेतानाच मेला, 2022 साली फ्रान्सच्या सेन नदीतल्या बेलुगाला, म्हणजे पांढऱ्या देवमाशाला, पाण्यातनं काढलं, तोही वाचला नाही. उलट 2007 साली कॅलिफोर्नियाच्या सॅक्रामेंटो नदीत एक देवमाशीण पिल्लाला घेऊन आत शिरली होती, त्यांना हाकलायचे बरेच प्रयत्न झाले, ते काही जमले नाहीत, शेवटी दोघं आपणहून गेली. न्यू जर्सीत काही डॉल्फिन मेले हे खरं आहे, वाईट वाटतं, पण हाकलले असते तर सगळे वाचले असते असं मला तरी वाटत नाही.

आपल्याकडं बर्फ नाही पण बोटी आहेत. गोव्याचे डॉल्फिन वेगळ्या जातीचे, पाठीवर कुबड असलेले, आणि ही जात जगात धोक्यात आलेली आहे. एक दिसला की चार-पाच बोटी एकदम मागं लागतात, आमचीही लागली होती, मी गप्प बसलो याचं अजून वाईट वाटतंय. आपल्या वन्यजीव कायद्यात डॉल्फिनला वाघाइतकंच संरक्षण आहे. तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत गोव्याला निघालाय तर बोटवाल्याला आधीच सांगा, दादा मागं लागू नका, इंजिन बंद करून लांबच थांबूया, आले तर येतील.